शंभर पानांचं भरीत: वांगं, जाळ आणि बडगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गल्लीतल्या पंचवीस घरांनी मिळून चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी मळ्यात भरीत-पुरीचा कार्यक्रम ठरवलाय. माणसं शंभर धरा. मागच्या वर्षी भरीत पाणचट आणि जरा कडू झालं, पुऱ्या तेल प्यायल्या. माल किती घ्यायचा, चुकलं कुठे, आणि पुढच्या वर्षी वांगी स्वतः लावली तर जमतील का?

आधी चुकीचं बघू. भरीत बिघडलं की लोक फोडणीत दोष शोधतात आणि पुढच्या वेळी मिरची वाढवतात. पण आपल्याकडच्या खानदेशी भरितात दोष झाकायला मसालाच नसतो. गरम मसाला नाही, टोमॅटो नाही, बहुतेक घरांत हळदसुद्धा नाही. वांगं कसलं आणि ते कशावर, कसं भाजलं, यातच बारा आणे काम होऊन जातं. उरलेले चार आणे ठेचण्याचे आणि फोडणीचे.

वांगं हिरवंच घ्या. फिकट हिरव्या अंगावर पांढुरक्या रेघा, लांबट पण पोटाला फुगीर, वजनाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, भालोद, असोदा या भागाचं नाव त्यासाठी घेतलं जातं. बाजारात मात्र हिरवं दिसेल ते सगळं ‘बामणोदचं’ म्हणून विकलं जातं, तेव्हा नावावर जाऊ नका, हातात घेऊन बघा. साल चकचकीत हवी. अंगठ्याने दाबल्यावर दबून परत वर यायला हवं. दगडासारखं कडक लागलं तर कोवळं आहे, त्यात गर कमी. खड्डा तसाच राहिला तर शिळं. पिवळट झाक आली किंवा चमक गेली तर आत बी पक्कं झालंय. एकाच आकाराची दोन वांगी दोन हातांत तोला आणि हलकं लागेल ते घ्या, जड वांग्यात बी जास्त निघतं. देठ हिरवा हवा, वाळलेला नको.

कडूपणा कुठून येतो तेही इथेच सांगतो, कारण त्याची कारणं एक नाही, चार आहेत. पहिलं, जून वांग्याचं पक्कं बी. दुसरं, पाण्याचा ताण पडलेलं झाड. ऐन फळं पोसताना पाणी तुटलं की वांग्यातली मूळची कडू द्रव्यं वाढतात. तिसरं, जळलेल्या सालीचे तुकडे गरात राहणं. चौथं, ओल्या लाकडाचा कोंदट धूर. मागच्या वर्षी तुमचं यांपैकी काय झालं ते ताटातच ओळखता आलं असतं. बियांचा कडवटपणा घशात रेंगाळतो, सालीचा आणि धुराचा जिभेवर लगेच लागतो.

वांगी आदल्या दिवशी सकाळी तोडलेली आणा. धुऊन ओली पोत्यात भरू नका, आणि कुणाच्या फ्रीजमध्ये जागा असली तरी तिथे ठेवू नका. दहा अंशांखाली वांग्याचं बी आणि गर काळपट पडतो. टोपलीत, सावलीत, वरून सुती कापड, एवढं पुरतं.

शंभर माणसांना ३५ किलो वांगी लागतात. देठ, साल आणि आटलेलं पाणी जाऊन सुमारे २२ किलो गर हाती येतो, म्हणजे पानागणिक सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी भरिताची पंगत बघितलेली नाही. किडकी निघतील म्हणून ३ किलो वर घ्या. बाकीचा माल असा: तिखट हिरवी मिरची पावणेदोन किलो, सोललेला लसूण ८०० ग्रॅम, कांद्याची पात निवडून ४ किलो, कोथिंबीर दीड किलो, शेंगदाणे दीड किलो, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पाऊण किलो, फोडणीला शेंगदाण्याचं तेल ३ लिटर, जिरं आणि मोहरी प्रत्येकी १०० ग्रॅम. मीठ आधी ३०० ग्रॅम घाला, चाखा, मग लागेल तसं. पात आणि कोथिंबीर पडल्यावर मीठ कमी वाटतं, म्हणून सगळं मिसळून झाल्याशिवाय निकाल देऊ नका. लहान मुलं वीस असतील तर ४ किलो गर मिरचीच्या आधीच बाजूला काढून ठेवा. मिरची पडल्यावर दही कालवून तिखट मारायचा प्रयत्न केला की ना भरीत राहतं ना दही.

आता जाळ. भरीत काड्यांवर भाजायचं: कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, नाहीतर तुरीच्या तुराट्या. हा नुसता रिवाज नाही, त्याला कारण आहे. या काड्या बारीक असतात, भडकन पेटतात, ज्वाळ उंच आणि मोकळी येते आणि दहा-बारा मिनिटांत त्यांचा बारीक निखारा होतो. ज्वाळेने साल करपते आणि आतलं पाणी वाफ होऊन गर त्याच वाफेत शिजतो, मग मंद निखारा तो देठापर्यंत पोचवतो. बाभळीच्या जाड लाकडाचा निखारा एका जागी फार तापतो, खालच्या बाजूला कोळसा आणि वर कच्चं अशी गत होते. कडुनिंबाचं लाकूड नकोच, धुराचा कडूपणा गरात उतरतो. आग लावायला रॉकेल, डिझेल, प्लॅस्टिकची पिशवी, यातलं काहीही नाही. गवताचा पेंडका पुरतो.

पऱ्हाट्यांची एक अडचण असते ती बहुतेकांना ऐनवेळी कळते. मार्गशीर्षात कपाशी अजून शेतात उभी असते, नाहीतर नुकतीच उपटलेली, म्हणजे या वर्षीच्या काड्या ओल्या. त्या पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. मागच्या वर्षीच्या रचून ठेवलेल्या असतील तर त्या घ्या, नसतील तर कुणाच्या खळ्यावर जुन्या तुराट्या सापडतात. काडी मोडून बघा. कट्कन मोडली तर वाळलेली, सालपट लोंबलं तर ओली. ३५ किलोंना डोक्यावरून वाहतो तसले पाच भारे लागतात, दोन भारे हाताशी जास्त ठेवा. पऱ्हाटीला वाळकी बोंडं लटकलेली असतील तर ती झटकून दुसरीकडे जाळून टाका. त्यात गुलाबी बोंडअळी दबा धरून असते आणि रुईचा जळका वास वांग्याला लागतो.

जागा निवडताना आधी ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात ते बघा. राख वरून गार दिसली तरी खालची जमीन नळी वितळवण्याइतकी तापलेली असते. केळीच्या बागेजवळ भट्टी नको, लोंबणारी वाळकी पानं ठिणगीला टपलेली असतात. उघडी, ढेकळं फोडून सपाट केलेली जमीन, दोन ड्रम पाणी आणि एक फावडं. वारा दुपारी वाढतो, म्हणून भाजणं अकराच्या आत उरका.

आग लावण्याआधी प्रत्येक वांगं फिरवून बघायचं. बारीक छिद्र दिसलं तर बाजूला काढा. अळी शिरते तेव्हाचं भोक बुजून जातं, दिसतं ते बहुधा बाहेर पडतानाचं, म्हणजे आत आधीच पोखरून झालंय. असं वांगं कापून बघायचं, भाजायला टाकायचं नाही. चांगल्या वांग्याला सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचे मारा. नाही मारले तर वाफ कोंडून वांगं फुटतं आणि अर्धा गर राखेत जातो. तेल चोळायची गरज नाही, ते गॅसवरच्या भरितासाठी. देठ मात्र कापू नका, शेवटपर्यंत धरायला तोच आहे.

वांगी दोन खेपांत भाजा, एका खेपेला १७-१८ किलो. वीतभर जाडीचा काड्यांचा थर पसरा. त्यावर वांगी एकाच थरात, देठ एका बाजूला करून, मध्ये दोन बोटांची जागा सोडून मांडा. वरून पुन्हा तेवढाच थर. आता इथे सगळे चुकतात: जिकडून वारा येतो तिकडून पेटवतात. जाळ एका झपाट्यात पलीकडे पळतो, काड्या संपतात आणि वांगी कच्ची राहतात. वारा जिकडे जातो त्या बाजूने, तीन-चार ठिकाणी एकदम पेटवा. मग आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते आणि प्रत्येक वांग्याला पुरेसा वेळ मिळतो. ज्वाळ बसली की लांब काठ्यांनी वांगी उलटायची, जाड बुडं निखाऱ्याकडे करायची, वरून मूठ-मूठ काड्या टाकायच्या. एकूण २५ ते ३० मिनिटं.

झालं की नाही हे साल बघून ठरवू नका, साल तर पाचव्या मिनिटालाच काळी होते. देठाखालचा भाग काठीने दाबा, तो सगळ्यात शेवटी शिजतो. तिथे काठी रुतली, देठापाशी रस उकळून फेस आला आणि सालीवर पांढरी राखाडी झाक आली की काढा. पोट मऊ आणि मान टणक असलेलं वांगं परत निखाऱ्यात सरकवा. हेच कच्चं टोक ठेचताना गोळ्यासारखं लागतं आणि दाताखाली कचकच येते.

काढलेली वांगी मोठ्या पातेल्यात भरून दहा मिनिटं झाका. वाफेने साल सुटते. अर्धा तास झाकली तर मात्र सालीचा काळा रस गरात उतरतो. मग बांबूच्या टोपलीत देठ वर करून तिरकी लावा, म्हणजे सुटलेलं तपकिरी पाणी निथळतं. मागच्या वर्षीचा पाणचटपणा इथूनच आला असण्याची शक्यता जास्त. एक तर निथळू दिलं नसेल, नाहीतर साल पटापट निघावी म्हणून वांगी पाण्यात बुडवली असतील. पाण्यात बुडवलेल्या वांग्याचा धुरकट स्वाद त्या बादलीतच राहतो. शेजारी पाण्याचं भांडं असावं, पण ते बोटं बुडवायला. देठ डाव्या हातात, उजव्या हाताने वरून खाली साल ओढत यायचं, राहिलेले काळे कण ओल्या बोटाने टिपायचे. ३५ किलोंची सत्तर ते एकशेपंधरा वांगी होतात, सहा जण बसले तर अर्ध्या तासात सोलून होतात. यातच कुणी एक नजर बियांवर ठेवावी. काळ्या, टणक बियांचा गुच्छ दिसला तर तेवढा भाग काढून टाकायचा, हळहळू नये.

ठेचायला बडगी, म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, आणि लाकडी मुसळ. काही गावांत बडजी म्हणतात. मिक्सर तर नकोच, स्टीलच्या पातेल्यात रवी फिरवणंही नको. मिक्सरचं पातं बी कापतं, त्यातला कडूपणा मोकळा होतो, आणि हवा भरून गर पांढरट, चिकट होतो. मुसळाने गराचे धागे सुटे होतात पण तुटत नाहीत. भरीत उचललं की तार दिसली पाहिजे. एका वेळी तीन-चार किलो गर घाला, जास्त घातला तर वरचा ठेचला जातो आणि तळाचा तसाच राहतो. मिरच्या आणि लसूण आधी थोड्या तेलात, मिरचीवर पांढरे डाग येईपर्यंत परतून घ्या आणि जाड्या मिठाबरोबर बडगीत पहिल्यांदा तेच ठेचा. ओशट झालेल्या लाकडात मग वांगं पडलं की तिखट सगळीकडे सारखं बसतं. अर्थात मुलांचं भरीत त्याच्याही आधी ठेचून घ्यायचं. बडगी नवी असेल तर आदल्या दिवशी तेल लावून ठेवा, कोरडं लाकूड गराचं पाणी आणि मीठ दोन्ही पितं.

फोडणी मोठ्या कढईत दोन भागांत. दीड लिटर तेल तापवा, शेंगदाणे आधी, ते तांबूस झाले की खोबऱ्याचे काप, मग मोहरी, जिरं. खोबरं आधी टाकलं तर दाणे होईपर्यंत ते करपतं. कांद्याच्या पातीचा पांढरा भाग दोन मिनिटं, हिरवा भाग अर्धं मिनिट. त्यावर ठेचलेलं भरीत, मीठ, आणि पाच ते सात मिनिटं हलवत मध्यम आंच. त्यापुढे शिजवू नका, भाजण्यातच ते शिजलेलं आहे. इथे रेंगाळलात तर पात काळी पडते आणि धूर उडून जातो. कोथिंबीर खाली उतरवल्यावर. ज्यांना कच्चं भरीत आवडतं त्यांच्यासाठी ५ किलो गर बिनफोडणीचा ठेवा: त्यात कच्चं तेल, मिरची-लसणाचा ठेचा, बारीक चिरलेली पात, कोथिंबीर. वांगं खरंच चांगलं असेल तर माझं मत कच्च्याला. फोडणीचं भरीत बेताच्या वांग्यालाही तारून नेतं, कच्चं नेत नाही.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचं गणित सोपं आहे. माणशी चार, म्हणजे चारशे पुऱ्या, पुरीला ३० ग्रॅम पीठ, एकूण १२ किलो. वाया जाणारं धरून १३. ज्वारी चार भाग आणि सालासकट काळे उडीद एक भाग, म्हणजे साडेदहा किलो ज्वारी आणि अडीच किलो उडीद, थोडं खडेमीठ दळतानाच घालून जरा रवाळ दळून आणा. ज्वारीच्या पिठाला स्वतःची ओढ नसते, उडदाचा चिकटपणा तिला धरून ठेवतो. त्याच चिकटपणामुळे भिजवलेलं पीठ अर्ध्या-पाऊण तासात सैल आणि तारदार होतं. सगळं एकदम भिजवलं की मग त्यात कोरडं पीठ मारत राहावं लागतं आणि पुऱ्या तेल पितात. तुमच्या तेलकट पुऱ्यांचं एक कारण हे असणार. दुसरं कारण थंड तेल: शंभरांच्या घाईत कढईत एकदम आठ-दहा पुऱ्या सोडतात. दोन-दोन किलो पीठ कोमट पाण्यात घट्ट भिजवा, ओल्या फडक्यावर तळहाताएवढी थापा, काठ पातळ करू नका. पिठाची बारीक गोळी तेलात टाकल्याबरोबर वर आली तर तेल तयार. एका वेळी चार पुऱ्या. तळायला ५ लिटर तेल कढईत हवं, त्यातलं अडीच-तीन लिटर खपतं. ज्यांना तळलेलं चालत नाही त्यांच्यासाठी त्याच पिठाच्या भाकरी तव्यावर टाका.

सोबत मुळा, कांदा, लिंबू, उडदाचा पापड आणि पातळ ताक. भाजी, वरण, भात यांचा घाट घालू नका. पोट भरतं आणि भरीत उरतं. पानं केळीची. निसवलेल्या, घड पोसत असलेल्या झाडाचं पान तोडू नका, घड कापून झालेल्या झाडांची घ्या. तोडताना अंगात जुना सदरा घाला, केळीच्या चिकाचा डाग कुठल्याही साबणाने जात नाही. पंगत एकला बसवायची तर पहिली भट्टी सव्वानऊला पेटायला हवी, पुऱ्यांची कढई साडेअकराला.

उरलेलं भरीत संध्याकाळच्या पलीकडे बाहेर ठेवू नका. कांद्याच्या पातीने ते लवकर आंबतं. कच्चं तर पंगतीतच संपवा.

राहिला लावणीचा प्रश्न. जमेल, आणि एक गुंठा पुरे. ४ बाय ३ फुटांवर लावलं तर गुंठ्यात नव्वद झाडं बसतात आणि हंगामभरात अडीचशे ते साडेतीनशे किलो वांगी निघायला हरकत नाही. पण ती एकाच दिवशी निघत नाहीत, दर पाच-सहा दिवसांनी तोडा येतो. तेव्हा कार्यक्रमाच्या एका तोड्यात ३५ किलो मिळतीलच असं धरू नका, दहा-पंधरा किलो बाहेरून आणायची तयारी ठेवा. वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा मागच्या हंगामात जिथे होता ती जागा टाळा, मुळांना लागणारे सूत्रकृमी आणि झाड वाळवणारा मर रोग तिथे टपलेले असतात. जूनच्या शेवटी गादीवाफ्यावर २ ग्रॅम बी बोटभर अंतराच्या ओळींत पेरा. चार-पाच आठवड्यांची, वीतभर उंचीची रोपं ऑगस्टच्या सुरुवातीला सरीवर लावा. तोडे नोव्हेंबरपासून मिळतात, चंपाषष्ठीच्या आसपास झाड भरात असतं.

गुंठ्याला २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत. रासायनिक द्यायचं तर सव्वातीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लावणीला, युरिया एकूण सव्वादोन किलो: त्यातला निम्मा लावणीला आणि बाकीचा महिन्या-महिन्याने तीन हप्त्यांत. युरिया एकदम ओतला तर झाड माजतं, पानं मोठी, फुलं कमी आणि अळीला आमंत्रण. फळ जड असतं, म्हणून प्रत्येक झाडाला काठी लावून सुतळीने बांधा. जमिनीला टेकलेलं वांगं खालून सडतं.

खरा शत्रू शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. लावणीनंतर महिनाभराने शेंडे माना टाकू लागतात. सुकलेल्या भागाखाली दोन बोटं अंतरावर शेंडा कापून जाळायचा, दर आठवड्याला, न चुकता. पंचवीस घरांची पाळी लावता येईल असं हे एकच काम आहे आणि फवारणीपेक्षा जास्त उपयोगी. ल्युसिल्युरचा (या अळीच्या नर पतंगांना ओढणाऱ्या गंधाचा) एक कामगंध सापळा गुंठ्याला पुरतो. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळी पावडर फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा, पिळून पाणी १० लिटर करा, संध्याकाळी फवारा. पानं बारीक होऊन झाड झुडपासारखं झालं तर तो पर्णगुच्छ रोग. त्याला औषध नाही, उपटून टाका. विकतचं कीटकनाशक मारलंच तर डब्यावर लिहिलेले तोडणीपूर्वीचे दिवस मोजा, भरिताची तारीख त्याच्या आत येत असेल तर फवारू नका.

बी घरचं ठेवायचं असेल तर संकरित वाण लावू नका, कुणा जुन्या भरितवाल्या शेतकऱ्याकडून देशी बी मागून घ्या. जवळ जांभळी किंवा काटेरी वांगी असतील तर मधमाश्या परागकण मिसळतात, निदान २०० मीटर अंतर हवं. कमी बियांची, सरळ, बिनकिडीची फळं देणारी चार-पाच झाडं निवडा आणि प्रत्येकावरचं दुसरं किंवा तिसरं फळ पिवळंजर्द होईपर्यंत झाडावरच राहू द्या. बी पाण्यात धुवा, तरंगेल ते फेका, तळाचं सावलीत वाळवून राखेत ठेवा. त्या फळाला लाल चिंधी बांधायला मात्र विसरू नका, नाहीतर पार्टीच्या दिवशी कुणीतरी हौसेने सगळ्यात मोठं म्हणून तेच तोडून आणतं.